व्याह्यांचं पुस्तक

लग्नाच्या जेवणात नवरी उपाशी राहिली, आणि त्याला कारणीभूत झाले दोन्हीकडचे व्याही.

नवरीचे वडील नदीपलीकडचे, पेशानं मोजणीदार. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या, कोपऱ्यांवर दगड पुरायचे, नकाशे काढायचे, हे त्यांचं सरकारी काम. कविता करणं हे बिनसरकारी. तिकडे शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या कविता होत्या, पण शेजारीपाजारी त्यांना ओळखत ते बांधाच्या भांडणात मध्ये पडणारा माणूस म्हणूनच. नवऱ्याचे वडील नदीअलीकडचे. कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना घरचे-दारचे सगळे अण्णा म्हणत. नदीवर पूल होता, पुलाच्या मधोमध एक पांढरा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन देश होते. त्या काळी पट्टा ओलांडताना कोणी काही विचारत नसे. फार तर पहाऱ्यावरचा शिपाई सायकलवरून उतरायला सांगे.

व्याह्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नवरीला दोन्ही येत होत्या. म्हणजे स्वतःची येत होती, आणि सासरची भाषा कॉलेजच्या दोन वर्षांत वसतिगृहात राहून शिकलेली, भाजी आणायला आणि परीक्षेत काठावर पास व्हायला पुरेल एवढी. म्हणून तिला दोघांच्या मधल्या खुर्चीत बसवलं.

बाबा नुसतं चार चांगले शब्द बोलायचे म्हणून म्हणाले, "आज दोन देश सोयरे झाले, असं सांग तुझ्या सासऱ्यांना."

तिनं सांगितलं. अण्णांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"देश कधी सोयरे होत नाहीत, सूनबाई. माणसं होतात. देशांना कायदा लागतो. सगळ्या देशांच्या वर बसणारं एखादं मंडळ लागतं. विचार त्यांना, पटतं का."

बाबांचे डोळे चमकले. जेवणाऱ्या माणसाला आवडीचा पदार्थ दिसावा तसे. "कायदा कागदावर असतो. कागद मी रोज करतो, मला विचारा म्हणावं. हद्दीचा दगड पुरला की दोन्ही बाजूंच्या मातीला त्याचा पत्ताही नसतो. आधी माणसांना कळलं पाहिजे की आपण एक आहोत."

आता, बाबांच्या भाषेत 'एक' या अर्थाचे दोन शब्द आहेत. मीठ पाण्यात विरघळतं, तसं एक होणं, त्याला एक शब्द. आणि एका होडीत बसलेली माणसं एक असतात, होडी सगळ्यांची आणि माणसं आपापली, त्याला दुसरा. बाबांनी म्हटला होता दुसरा, होडीचा. नवरीला सासरच्या भाषेत त्याला काय म्हणावं ते सुचेना. पोटात कावळे ओरडत होते, पन्नास पाहुणे बघत होते. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, सगळ्यांनी एक व्हायला हवं."

"विरघळून?" अण्णा म्हणाले. "मग त्यातून कोणाला बाहेर पडायचं असेल तर? दार कुठं आहे त्या घराला?"

तिथून जी जुंपली ती ताटं उचलली गेली तरी संपली नाही. तिच्या ताटातला पहिला घास तसाच राहिला. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं खिशातून दोन केळी काढली आणि गुपचूप तिच्या हातात दिली. "आपले दोन्ही बाप वेडे आहेत," तो म्हणाला. "बरं झालं, लग्नाआधी कळलं नाही." ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या आत्यानं मागं वळून पाहिलं.

तर असं ते पुस्तक सुरू झालं. एक पंधरवडा बाबा पूल ओलांडून येत, दुसरा पंधरवडा अण्णा तिकडे जात, आणि ती दोन्ही वेळा मध्ये बसे. जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणल्या होत्या. डाव्या पानावर ती बाबांची कविता उतरवून घेई, उजव्या पानावर अण्णांचा त्यावरचा युक्तिवाद, आणि पुढच्या पानांवर दोन्हींचे अनुवाद. अक्षर सगळं तिचंच. कविता लांब होती आणि दर भागात एक नवं माणूस बोलत असे: कधी सुईण, कधी होडी बांधणारा, कधी पहाऱ्यावर झोप येणारा सैनिक. अण्णांच्या बाजूला नियम होते: सगळ्या देशांच्या वरच्या सभेत माणसं कशी निवडावीत, लहान देशाचं ऐकून कोण घेणार, मोठ्यानं दांडगाई केली तर काय. आणि पानोपानी त्यांचा तोच हट्ट, की या घराला बाहेर पडायचं दार हवं.

"व्याहीबुवांना वाटतं, नुसत्या गाण्यानं जग जोडलं जाईल," अण्णा म्हणत.

"व्याह्यांना वाटतं, घटना लिहिली की लोक शेजाऱ्यावर प्रेम करायला लागतात," बाबा म्हणत.

नवरा नदीकाठच्या पंपघरावर मुख्य यंत्रचालक होता. त्याच्या शर्टाला कायम ग्रीसचा आणि क्लोरीनचा वास. घरी आला की वह्यांवर नजर टाकून म्हणे, "तुमचं चालू द्या. मी मात्र जग कधीच एक केलंय. पलीकडच्या पंपावरचा चालक रोज सकाळी सातला मला फोन करतो, पाण्याची पातळी सांगतो, मी त्याला गाळाची सांगतो. ना सभा, ना कविता. त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही."

अण्णा हे गंभीरपणे टिपून घ्यायला सांगत. बाबांनी तर त्यावर एक अख्खा भाग लिहिला. त्यातल्या दोन ओळी तिला सगळ्यांत आवडायच्या:

तुझ्या घशातली तहान
माझ्या मडक्याला ठाऊक आहे.

त्यांना मूल झालं नाही. ते दुःख त्या घरानं फारसं बोलून दाखवलं नाही. ती पुढे शिकली, कोर्टात दुभाषी म्हणून लागली. नदीच्या दोन्ही काठांना शेतं असलेले लोक, दोन्हीकडे सोयरीक झालेले लोक, त्यांच्या दाव्यांत साक्षी इकडच्या तिकडे करायच्या. ते काम करता करता, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर एका दुपारी, कोणाचा तरी जबाब लिहिताना होडीच्या त्या शब्दाला सासरच्या भाषेतला शब्द तिला अचानक सापडला. इतका साधा. 'सोबत'. आपण एक आहोत असं बाबा कधी म्हणतच नव्हते. आपण सोबत आहोत, असं म्हणत होते.

ती लेखणी खाली ठेवून बसून राहिली. सहा वर्षं अण्णा ज्या गोष्टीवर तुटून पडत होते ती बाबांनी म्हटलेलीच नव्हती. सोबत बसलेल्या माणसाला उठून जाता येतंच की. अण्णांचं दार बाबांच्या शब्दात आधीपासूनच होतं.

त्या संध्याकाळी सांगायचं ठरवून ती घरी गेली. बाबा आलेले होते, अण्णा हातवारे करत होते, दोघांचे चहा निवले होते, आणि दोघांच्या तोंडावर असं तेज होतं की तिचा धीर झाला नाही. आता सांगितलं तर सहा वर्षांचं हसू होईल, असं एक मन म्हणालं. भांडणच तर यांचं जगणं आहे, कशाला मोडायचं, असं दुसरं म्हणालं. दोन्हींपैकी एकही खरं कारण नव्हतं. तिला लाज वाटली, एवढंच होतं. तिनं वहीत 'एक' लिहिलं, त्याही दिवशी आणि पुढची आठ वर्षं.

चौदाव्या वर्षी पुलावर शिपाई वाढले. आधी ओळखपत्र लागू लागलं, मग परवाना, मग परवान्यासाठी कारण. 'पुस्तक लिहिणे' हे कारण खिडकीतल्या कारकुनानं दोनदा नाकारलं. तिसऱ्यांदा बाबांनी 'मुलीची तब्येत' असं लिहिलं आणि ते आले, शेवटचे. जाताना ते म्हणाले, "शेवटचा भाग राहिलाय. सगळ्यांनी मिळून म्हणायचा. डोक्यात तयार आहे, पुढच्या खेपेला उतरवून घे." पुढची खेप झाली नाही. वाळवंटातल्या कुठल्याशा खाणीवरून दोन सरकारांचं बिनसलं, म्हणे. त्या शहरातल्या कोणीही ती खाण पाहिलेली नव्हती. पुलावर काटेरी तारा आल्या, आणि कोर्टातून तिला पत्र मिळालं की तुमच्या सेवेची तूर्त गरज नाही. शेजारच्या बाईनं जिन्यात तिच्याकडे पाहून मुलीला आत ओढलं.

युद्धाच्या पहिल्या आठवड्यातही पलीकडच्या चालकाचा फोन सकाळी सातला येत होता. नवरा सांगे, "आवाज हळू करून बोलतो बिचारा. पातळी सांगतो आणि ठेवून देतो." आठव्या दिवशी फोन आला नाही.

त्याच दिवशी दुपारी अण्णांनी रेडिओची कळ फिरवता फिरवता नदीपलीकडचं केंद्र लावलं. ढोल वाजत होते, शेकडो माणसं एका सुरात गात होती. अण्णांना शब्द कळत नव्हते, पण गाण्याआधी निवेदकानं घेतलेलं नाव त्यांना कळलं.

"तुझ्या बाबांचं नाव घेतलं ना? काय म्हणतायत?"

ती दारात उभी होती. चाल नवी होती, पण कविता ओळखीची वाटत होती; हा तोच भाग असणार, सगळ्यांनी मिळून म्हणायचा. बाबांची वळणं होती. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'एक' होतं. होडीचं नव्हतं, मिठाचं होतं. विरघळून जा, एक व्हा, आणि उरेल तो वैरी.

"सांग ना."

"एक व्हा म्हणतायत," ती म्हणाली. "जो वेगळा उरेल तो वैरी."

अण्णांनी रेडिओ बंद केला. "चौदा वर्षं मी सांगत होतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ज्या घराला दार नाही, त्या घराचा शेवटी तुरुंग होतो. सांगत होतो की नाही?"

तेव्हा ती बोलू शकली असती. शब्द बदललाय, अण्णा, बाबांचा शब्द हा नव्हे, असं म्हणायला किती वेळ लागणार होता? पण मग त्यांचा शब्द कोणता, हे सांगावं लागलं असतं, आणि तो आठ वर्षं कोणी दडवला हेही. शिवाय मनात एक काळी शंका होती: बाबांनीच बदलला असेल तर? ती चहा ठेवायला आत निघून गेली.

युद्धाच्या अकराव्या दिवशी पंपघरावर तोफगोळा पडला. नवऱ्याची पाळी नव्हती. ज्याची होती त्याची बायको बाळंत होणार म्हणून हा गेला होता. शहराचं पाणी नऊ दिवस बंद होतं. तिच्या घरी भेटायला येणारे लोक येताना बादलीभर पाणी घेऊन येत, आणि ते तिला न देता अण्णांच्या पायाशी ठेवत.

महिन्याभरानं नगरभवनात सभा झाली. व्यासपीठावर नवऱ्याचा मोठा फोटो होता, कामाच्या ओळखपत्रावरून वाढवलेला, त्यामुळे तो जरा दचकल्यासारखा दिसत होता. अण्णांना बोलायला सांगितलं. तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून.

अण्णा कागद न घेता बोलले. "मी तीस वर्षं तुमच्या मुलांना शिकवलं, की माणसाची निष्ठा देशाच्या हद्दीशी थांबत नाही. मी चुकीचं शिकवलं. जे पाणी देणाऱ्याला मारतात, त्यांच्याशी कसली सभा आणि कसला कायदा? पलीकडचा एक कवी माझ्या घरी जेवला. माझ्या टेबलाशी बसून त्यानं हीच गाणी रचली. त्याच्या गाण्यानं माझा मुलगा मारला." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या थांबेनात. अण्णांनी खाली पाहिलं आणि त्यांची नजर सुनेवर पडली. ती सोडून सगळं सभागृह उभं होतं. मग तीही उभी राहिली, बसून राहायची भीती वाटली म्हणून.

भाषण वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं. घरी अण्णा तिच्याशी कामापुरतं बोलत. एक दिवस त्यांनी कपाटातून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. "तुझ्या बाबांची पानं वेगळी काढ. माझी राहू देत."

ती कात्री घेऊन बसली. पहिल्याच पानाला तिच्या लक्षात आलं ते अण्णांच्या लक्षात कधी आलं नव्हतं. बाबांच्या कवितेच्या पाठीवर अण्णांचं पान होतं, अण्णांच्या पानाच्या पाठीवर बाबांचं. एक कापलं की दुसरं जाणार. तिनं वही त्यांच्यासमोर धरून पान उलटून दाखवलं. अण्णांनी पान स्वतः एकदा उलटून पाहिलं आणि म्हणाले, "असू दे तर." वह्या परत कपाटात गेल्या.

सात महिन्यांनी, तोफा थांबल्यावर, मदतकार्य करणाऱ्या संस्थेची एक बाई पाकीट घेऊन आली. पाकीट दोन ठिकाणी फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. बाबांचं अक्षर. आतली तारीख युद्धाच्या दहाव्या दिवसाची, म्हणजे पंपघरावर गोळा पडायच्या आदल्या दिवसाची होती.

अण्णा खिडकीशी बसले होते. "वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं. काही गाळू नकोस."

तिनं त्यांच्या भाषेत करत करत वाचलं. "पोरी, रेडिओवरचं गाणं तुमच्यापर्यंत पोचलं असेल तर व्याह्यांना आधी हे सांग. कविता माझी आहे, पुस्तकाचा शेवटचा भाग. मासिकाकडे दिली होती, तिथून त्यांनी उचलली. ढोल त्यांचे. आणि शब्द त्यांनी बदलला. मी रेडिओ केंद्रावर गेलो, तर तिथला साहेब म्हणतो, एका शब्दानं काय फरक पडतो, आजोबा? मी त्याला म्हणालो, माझ्या व्याह्यांना विचारा काय फरक पडतो. ते चौदा वर्षं याच फरकासाठी माझ्याशी भांडतायत, आणि मला अजून कळलेलं नाही की ज्या गोष्टीवर आमचं एकमत आहे तिच्यावर ते भांडतात कशाला. मला केंद्रातून बाहेर काढलं. कोपराला थोडं लागलंय, आईला काळजी. जावयांना सांग, पंपावर जपून राहा."

खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी पुसत होतं, फडक्याचा आवाज येत होता.

"कोणता शब्द?" अण्णांनी विचारलं.

तिनं सांगितलं. लग्नाच्या जेवणापासून सांगितलं. मीठ, होडी, कोर्टातली ती दुपार, आणि रेडिओ लागला होता तो दिवस. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"म्हणजे ते 'सोबत' म्हणत होते," अण्णा म्हणाले.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

अण्णा उठले. ती वाट पाहत होती, ते ओरडतील, निदान हातातला चष्मा आपटतील. ते भिंतीला धरून खोलीत एक फेरी मारून आले आणि पुन्हा बसले. "मी सभेत काय बोललो, ते तर कोणी अनुवाद करून बिघडवलेलं नव्हतं," ते म्हणाले. "ते माझंच होतं. माझ्याच भाषेत." मग म्हणाले, "तू एकोणीस वर्षांची होतीस. उपाशी होतीस. मी तरी विचारायला हवं होतं ना, की एक म्हणजे नक्की काय? जन्मभर पोरांना शिकवलं, शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ विचारा. व्याह्याला एकदा विचारलं नाही. मला भांडायला बरं वाटत होतं."

ती रडायला लागली. नवरा गेल्यावरसुद्धा ती इतकी रडली नव्हती. अण्णांनी तिला रडू दिलं. उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

उत्तर लिहायला तीन आठवडे लागले. अण्णा एक वाक्य सांगत, ती बाबांच्या भाषेत करे, अण्णा प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारत, "याचा अर्थ काय? आणखी कोणता शब्द आहे याला?" शेवटी पत्र जेमतेम एक पान झालं. मुलगा गेल्याचं त्यात होतं. सभेतलं भाषणही होतं, जसंच्या तसं, आणि त्याखाली, मी चुकलो, मला माफ करा. त्याच संस्थेच्या बाईकडे दिलं.

दोन महिन्यांनी निरोप आला की बाबा गेले. पत्र पोचायच्या नऊ दिवस आधी.

त्या वसंतात पूल महिन्यातून एक दिवस उघडू लागला, ताटातूट झालेल्या कुटुंबांसाठी. पूर्वीचं जकात कार्यालय होतं तिथं परवाने मिळत. कोर्टानं तिला परत बोलावलं होतं, कारण दुसरं कोणी ती भाषा जाणणारं शहरात उरलं नव्हतं. अण्णांचा अर्ज तिनं स्वतः भरला. 'पलीकडील व्यक्तीशी नाते' या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी, मुले, भावंडे अशी छापील यादी होती. एकावर खूण करायची. तिनं खाली हातानं लिहिलं: विहीण.

खिडकीतला कारकून तरुण होता, वाईट नव्हता. "हे कुठलं नातं?"

"यांच्या मुलाची मी बायको. त्या माझी आई."

"तुम्ही जाऊ शकता. मुलगी आहात. पण यांचं त्या बाईंशी रक्ताचं काही नाही ना?"

"नाही."

"आणि ज्याच्यामुळं नातं होतं तो..." तो अडखळला. "तो आता नाही. मग नातं कसं धरायचं, ताई? माझ्याकडे रकानाच नाही."

अण्णा मागं उभे राहून ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर सगळ्या देशांना कवेत घेणाऱ्या सभेचे नियम लिहिले होते. या खिडकीवर त्यांना एकही वाक्य सुचलं नाही. "तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी इथं बसतो." शिपायानं त्यांना एक खुर्ची दिली.

ती एकटी गेली. आई खूप लहान झालेली दिसली. दोघी आधी बाबांना मातीत ठेवलं होतं तिथं गेल्या, मग घरी. आईनं भरलेलं ताट समोर ठेवलं आणि ती जेवेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग बोलली.

"जावई गेल्याचं आम्हाला पेपरातून कळलं. तुझ्या सासऱ्यांचं भाषण छापून आलं होतं इकडेही, आमची निंदा कशी करतात ते दाखवायला. ह्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, व्याह्यांचं बरोबर आहे, गाणं माझंच होतं. त्यानंतर लिहिणं बंद. जेवणही तसंच." आईनं टेबलावरचे नसलेले कण हातानं गोळा केले. "मग ते पत्र आलं. मी खोलीत जाऊन रिकाम्या पलंगाशी मोठ्यानं वाचलं. काय उपयोग?"

"अण्णा पुलाशी बसलेत, आई. त्यांना येऊ दिलं नाही. काही सांगायचंय का त्यांना?"

आई ताट उचलून घासायला गेली. उन्हं कलली, परतायची वेळ झाली. दारात आईनं निरोप सांगितला, आणि म्हणाली, "जसंच्या तसं सांग. गोड करून सांगू नकोस."

अण्णा सकाळपासून त्याच खुर्चीत होते. तिला पाहून उठायला गेले, पाय अवघडले होते. पुलाच्या कठड्याला धरून दोघं घराकडे चालू लागली. अर्धा रस्ता झाल्यावर त्यांनी विचारलं, "विहीणबाई काय म्हणाल्या?"

तिनं प्रत्येक शब्द तोलून इकडच्या भाषेत आणला. "म्हणाली, तुम्ही दोघं साऱ्या जगासाठी घर बांधत होता, आणि त्यात माझ्या मुलीचं घर गेलं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, ह्यांनाही नाही. तब्येतीला जपा, कारण आता तिला तुमच्याशिवाय कोणी नाही."

अण्णांनी मान डोलावली. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. घरी गेल्यावर त्यांनी वही काढायला लावली, शेवटचं कोरं पान उघडलं, आणि ते तिच्याकडून दोन्ही भाषांत लिहून घेतलं. समोरचं पान त्यांच्या उत्तरासाठी होतं. त्यावर त्यांनी काही लिहिलं नाही.

पुढे दोन वर्षं ते जगले. पुस्तक छापलं गेलं नाही. दोन प्रकाशकांनी नम्रपणे परत केलं. एकानं लिहिलं होतं की विषय उदात्त आहे, पण शेवटी उजवं पान कोरं राहून गेलंय, ते कृपया पूर्ण करून पाठवा. तिनं त्याला उत्तर पाठवलं नाही. महिन्यातून एकदा ती आईकडे जाते. बाकीचे दिवस परवान्यांच्या खिडकीशी बसून लोकांचे अर्ज भरते, आणि प्रत्येकाला दोनदा विचारते, नक्की काय म्हणायचंय तुम्हाला?